बॉबिनच्या खणातली फिल्म

माझ्या धाकट्या बहिणीला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला ‘मिनिट’ म्हणतात. कारण गेली दहा वर्षं ती जिथे जाईल तिथे हात वर करते आणि म्हणते, “एक मिनिट. सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहायचं.” आणि नवल म्हणजे लोक राहतात. आमची आत्या झोपेतसुद्धा बोलते. पण तीही एकदा त्या मिनिटात तोंडावर हात धरून उभी राहिली. मिनिट संपल्यावर तिने असा काही दम टाकला की आम्ही घाबरलो. गप्प राहायचं म्हणजे श्वासही घ्यायचा नाही, असा तिचा समज झाला होता.

मिनिट फिल्मा बनवते. एकटीच. कॅमेरा तिचा, आवाज तिचा, नंतरची कापाकापी आणि जोडाजोडीही तिचीच. तिच्या फिल्मांत नट नसतात, गाणी नसतात, कुणी कुणाला मारत नाही. काम करणारी माणसं असतात. लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. चष्म्याच्या काचा घासणारे दोघे भाऊ. इस्पितळाच्या धुलाईघरातली पहिली पाळी. या फिल्मा थिएटरात लागत नाहीत, एका ॲपवर असतात. लोक महिन्याची वर्गणी भरतात आणि हवं ते पाहतात. जितकी मिनिटं तिची फिल्म पाहिली जाईल, तितका त्या वर्गणीतला वाटा तिला मिळतो. त्यावर तिच्या खोलीचं भाडं निघतं, पोट भरतं आणि एखादी नवी वायर येते.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. तेहतीस वर्षं झाली. मशीन दारातून आत येऊन दोन टाके घालेपर्यंत मला कळतं, शटल झिजलंय की पट्टा ढिला आहे. त्यामुळे आपल्याला कान आहेत, असा माझा समज होता. तो मिनिटने खोटा ठरवला.

तिचं म्हणणं, रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. कुठेही चित्रण संपलं की ती त्या खोलीचा गप्प आवाज एक मिनिट भरून घेते. पुढे दोन तुकडे जोडताना मध्ये जी शांतता लागते, ती त्याच खोलीची लागते. दुसरीकडची घातली तर ऐकणाऱ्याला कुठेतरी खड्डा लागतो, पण कशाचा ते कळत नाही.

काचा घासणाऱ्या भावांच्या वेळी तिचं ते मिनिट कुणाच्या तरी फोनच्या घंटीने बिघडलं होतं, आणि हे तिला घरी आल्यावर कळलं. दोन बस बदलून ती पुन्हा तीन तासांवर गेली. तिकडे भावांनी दरम्यान कपाट हलवलं होतं. हिने ते जागेवर सरकवायला लावलं, एक मिनिट सगळ्यांना उभं केलं आणि परत आली.

मी म्हटलं, “अगं, कुठल्याही खोलीची शांतता घाल. कोण विचारतंय? कपाट कसलं सरकवायला लावतेस?”

तिने वाद घातला नाही. ती वाद घालत नाहीच, त्यामुळे तिच्याशी भांडण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिने कानावरचे हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवले आणि चार शांतता ऐकवल्या. मला चारही सारख्या वाटल्या, म्हणजे काहीच वाटलं नाही. मग मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि उलटसुलट क्रमाने लावत गेलो.

“धुलाईघर. मशिनं नुकती बंद झालीयत,” ती म्हणाली. “हे भावांचं. कपाट जागेवर आहे.” तिसऱ्याला जरा थांबली. “लिफ्टच्या वरची खोली.” चौथी लावली तर दोन सेकंदही गेले नसतील. “हे तुझं दुकान, दादा. तुझ्या दारावरचा पत्रा उन्हाने तापला की टक्क वाजतो.”

त्या पत्र्याखाली मी तेहतीस वर्षं बसलोय. मला तो वाजतो हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हातातलं काम टाकून कान दिला, तर खरंच वाजत होता. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. जिला मी बोट धरून रस्ता ओलांडून दिला, तिला माझ्या दुकानाची माझ्यापेक्षा जास्त ओळख होती.

हे तिच्यात कुठून आलं, ते मला अंधुक माहीत आहे. आमची आई घरी कपडे शिवायची. मिनिट सहा वर्षांची असताना तिने चालू मशीनखाली बोट घातलं आणि सुई नखातून आरपार गेली. मी बोंब मारली. आईने मात्र चाक हाताने उलटं फिरवून सुई वर घेतली आणि मिनिटच्या पाठीवर थोपटत राहिली. तोंडाने अगदी हळू काहीतरी म्हणत होती. तेव्हा घर इतकं शांत झालं होतं की मला माझीच लाज वाटली. बोट सुटल्यावर मिनिट रडली नाही, नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई जाऊन आता चौदा वर्षं झाली.

तर ही मिनिट एक दिवस म्हणाली, “दादा, पुढची फिल्म तुझ्यावर.”

“माझ्यावर? मेलो की काय मी?”

पण ती चाळीस दिवस दुकानात बसली. माझं दुकान म्हणजे दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेर वाट बघावी, एवढं. तिथे तिने कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय माझ्या स्टुलाच्या पायांत गुंतवले आणि केसाळ टोपी घातलेला माइक माझ्या डोक्यावर टांगला. गिऱ्हाईक आधी त्या माइकला घाबरायचं आणि मग पैशाला. पहिले चार दिवस मी केस विंचरून आलो. पाचव्या दिवसापासून ती आहे हेच विसरलो.

फिल्म तयार झाली, बावन्न मिनिटांची. ॲपवर आली त्या दिवशी मिनिटने मला फोनवर दाखवायला घेतली. मी म्हटलं, “नंतर बघतो, गिऱ्हाईक आहे.” गिऱ्हाईक नव्हतं. मला स्वतःचं तोंड बघायची लाज वाटत होती. शिवाय त्यात बघायचं काय? मी तेल घालणार, मी पेच आवळणार. ते तर मी रोज बघतो.

मिनिट म्हणाली होती की पहिले अठ्ठावीस दिवस महत्त्वाचे. तेवढ्यात बऱ्याच लोकांनी शेवटपर्यंत पाहिली, तर ॲपवाले फिल्म पहिल्या पानावर लावतात आणि मग ती लाखो लोकांना दिसते. नाहीतर ती तळाशी जाऊन पडते. तिच्या आधीच्या सहाही फिल्मा तळाशीच पडल्या होत्या. ती हे सहज म्हणाली होती. पण माझ्या डोक्यात चाक फिरलं. बहिणीसाठी तेवढंही करायचं नाही, तर थोरला भाऊ कशाला म्हणवून घ्यायचं?

मी फौज उभी केली. माझे दोन जुने फोन, एक नवा आणि एक टॅब्लेट. बायकोचे दोन. आत्याचा एक. बाकी चार चुलत-मामे मंडळींचे. एकूण अकरा. प्रत्येकाला वर्गणी भरायला लावली, न ऐकणाऱ्याची मी भरली. आवाज बंद ठेवायचा, स्क्रीन उताणी ठेवायची आणि फिल्म संपली की लगेच पुन्हा लावायची. दुकानातले चार मी बॉबिनच्या खणात ठेवले आणि बावन्न मिनिटांचा टायमर लावला. टायमर वाजला की हातातलं काम टाकायचं, खण उघडायचा, चार वेळा बोट लावायचं आणि खण बंद. त्यामुळे फिल्मची शेवटची पाटी मला तोंडपाठ झाली. ‘कॅमेरा’, ‘आवाज’, ‘संकलन’ आणि तिन्हींपुढे एकच नाव. दर वेळी ते वाचून छाती फुगायची. बाकीची फिल्म मात्र मी पाहिली नाही. हे असं अठरा दिवस चाललं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मिनिट दुकानात आली. चेहरा उतरला होता. ॲपकडून पत्र आलं होतं. फिल्मवर ‘अनैसर्गिक पाहणी’ आढळली म्हणून त्या रात्री फिल्म काढून टाकणार होते. दहा दिवसांत खुलासा आला नाही, तर तिचं खातंच बंद होणार होतं. म्हणजे सातही फिल्मा जाणार होत्या. दहा वर्षांचं काम आणि त्यावर चाललेलं घर.

“कुणीतरी माझ्या फिल्मवर यंत्रं लावलीयत, दादा,” ती म्हणाली. “रात्रंदिवस चालवतायत. पण माझ्यावर कोण कशाला असा सूड उगवेल?”

मी पाण्याचा ग्लास शोधू लागलो. आणि तेवढ्यात टायमर वाजला.

मी हललो नाही. टायमर वाजतच राहिला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग माझी नजर जिकडे जाऊ नये म्हणून मी धडपडत होतो त्या खणाकडे. तिने खण उघडला. बॉबिनच्या डब्यांमध्ये चार स्क्रीन उजळल्या होत्या. चारही स्क्रीनवर तिचं नाव तीन तीनदा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“एवढे चारच?” तिने विचारलं.

“अकरा.”

ती स्टुलावर बसली. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. तिने टायमर बंद केला आणि तिच्या नाकातून हसू निसटलं. मग मात्र तिने खरोखरच डोळे पुसले. मला दोन्हींची सारखीच लाज वाटली.

मी लगेच उपाय सुचवला. उंटावरचा शहाणा मी. “लिहून टाक, तांत्रिक बिघाड झाला म्हणून. कुणीतरी खोडसाळपणा केला म्हण. त्यांना कुठे कळतंय?”

“नाही,” ती म्हणाली. “जे घडलं ते लिहायचं.”

“अगं, पण ते तुलाच बाहेर काढतील!”

“काढू देत. दुसऱ्या खोलीची शांतता मी घालत नाही, दादा. हे कसं घालू?”

पुढचे तीन दिवस ती अकरा उपकरणांमागे हिंडली. प्रत्येकाचा क्रमांक, कुणाचं ते, कधीपासून चालू होतं आणि मालकाची सही. मी तिच्यासोबत होतो, अपराध्याने असावं तसा. आत्या सर्वांत जास्त चिडली.

“म्हणजे भाचीची फिल्म पाहिली तर आता चोरी का?”

“तू पाहिलीस का आत्या?” मिनिटने विचारलं.

“लावली की! सकाळ-संध्याकाळ लावली!”

“पण पाहिलीस का?”

आत्या गप्प झाली. मिनिटने हात वर न करता ती गप्प झाली, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. माझं नशीब, मिनिटने तोच प्रश्न मला विचारला नाही. मी पाहिली असणार, असं ती धरूनच चालली होती.

यादी गेली. मग ॲपच्या तपासणी विभागातून निरोप आला की बोलायचं आहे. मिनिटची खोली झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे, खाली यंत्राची घरघर चालू असते. म्हणून महत्त्वाचं बोलणं ती कपड्यांच्या कपाटात बसून करते. तिच्या सगळ्या फिल्मांतला तिचा आवाज त्याच कपाटात भरलेला आहे, हे ॲपवाल्यांना माहीत नसावं. त्या दिवशीही ती लटकत्या शर्टांमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. दार किलकिलं होतं. मी बाहेर पलंगाच्या कडेवर बसलो होतो. हातांना काम नव्हतं, म्हणून शर्टाचं सैल झालेलं बटण पिळत होतो.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज थकलेला, पण सरळ. “तुमच्या घरच्यांनी हे केलं, हे तुम्ही स्वतः कळवलंत. सह्यांसकट. मी नऊ वर्षं हे काम करतेय, असं पत्र कधी आलं नव्हतं.”

“हो,” मिनिट म्हणाली. “ती अकरा वजा करा. मग जे उरेल ते माझं.”

अकरा वजा केल्यावर काही उरेल, असं मला वाटतच नव्हतं.

“वजा केली,” बाई म्हणाल्या. “ती ओळखणं सोपं होतं. पट्टी ठेवून रेघ मारावी तशी त्यांची पाहणी आहे. कुठे थांबणं नाही, मागेपुढे नाही. माणूस असं पाहत नाही. उरले चारशे सोळा लोक.”

चारशे सोळा. मी बटण पिळायचा थांबलो. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात मिळून चारशे सोळा माणसं नसतील.

“त्यातल्या बहुतेकांनी शेवटपर्यंत पाहिली,” बाई बोलत होत्या. “आणि एक विचित्र गोष्ट आहे. एकतिसाव्या मिनिटाला लोक मागे जातात. एकदा, दोनदा, काही जण पाच-पाचदा. आधी आम्हाला वाटलं, फिल्मच तिथे अडकतेय. म्हणून मी स्वतः पाहायला बसले.” त्या जरा थांबल्या. “मीही मागे गेले.”

कपाटातले शर्ट जरा हलले.

निकाल असा लागला की खातं राहणार आणि सातही फिल्मा राहणार. माझ्यावरची फिल्म परत लागणार, पण ते अठ्ठावीस दिवस गेले ते गेले, पहिलं पान आता नाही. आणि त्या अकरा उपकरणांवर ही फिल्म पुन्हा कधीही लावली, तरी ती मोजली जाणार नाही. मिनिटने सगळ्याला हो म्हटलं आणि आभार मानून ती कपाटातून बाहेर आली. केसांना एक हँगर अडकला होता.

मी इतका हलका झालो होतो की तोंडाला लगाम राहिला नाही. “अगं, पण एकतिसाव्या मिनिटाला आहे तरी काय?”

हँगर सोडवता सोडवता तिचा हात थांबला.

“तू पाहिली नाहीस?”

मी खाली मान घातली. एवढ्या सगळ्या गोंधळात ती माझ्यावर एकदाही रागावली नव्हती. तेव्हाही रागावली नाही. नुसती स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली आणि चहाचं भांडं उगाच दोनदा विसळलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर अर्धं ओढलं. दोन ते चार माझ्याकडे कुणी फिरकत नाही. बॉबिनचा खण उघडला, त्यातला एक फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि फिल्म लावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अठरा दिवस ती माझ्या गुडघ्याजवळच्या खणात चालू होती.

आधी माझे हात आले. नुसते हात, बराच वेळ. ते इतकं काही करतात, हे मला ठाऊक नव्हतं. अंगठा चाकावर ठेवून मी कुठल्या तरी दुखऱ्या जागेची वाट बघत असतो, डोळे मिटून. एक म्हातारी शिंपीण तिचं मशीन घेऊन येते, आतला दांडा गंजून बसलेला असतो. ती म्हणते, याच्यावर तीन मुलं वाढवली. मी तिच्यावर खेकसतो, “मग तेल नको का घालायला?” आणि मग तीन दिवस ते मशीन खोलत राहतो. मी तिच्यावर खेकसलो होतो हे आठवलं. तीन दिवस लागले होते हे विसरलो होतो. मिनिट विसरली नव्हती. त्या छोट्याशा जागेत, माझ्या कोपराजवळ बसून, तिने जे पाहिलं ते मी तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी आ वासून बघत होतो, आणि बघत होतो ते मलाच.

एकतिसाव्या मिनिटाला मशीन सुरू होतं. टाके पडतात. मी पाय उचलतो. चौकटीबाहेरून मिनिटचा आवाज येतो, “एक मिनिट, दादा. गप्प.”

मी उभा राहतो. पत्रा टक्क वाजतो. रस्त्यावरून एक सायकल जाते. मला ते मिनिट चांगलं आठवत होतं, मी अगदी शहाण्यासारखा गप्प उभा होतो. फिल्ममधला माझा हात मात्र फडक्यासकट पुढे येतो, मशीनच्या पाठीवर पडतो आणि थोपटतो. आणि कुणीतरी अगदी हळू बोलतं.

“झालं गं, झालं. संपलं बघ.”

खाली, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मिनिटने एक ओळ लिहिली होती. ‘दुकानात शांतता आहे. माणूस मशीनची समजूत काढतो.’ अठरा दिवस ही ओळ खणात उमटून पुसली जात होती.

ते शब्द आईचे होते. तोच हेल, ‘बघ’वरचं तेच उतरणं. नखातून सुई गेली त्या दिवशी मिनिटच्या पाठीवर थोपटताना ती हेच म्हणत होती. मी तेव्हा माझ्याच बोंबेत ऐकलं नव्हतं, असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. पण माझ्या तोंडाने ऐकलेलं होतं. कोण जाणे किती मशिनांना मी ते म्हणत आलोय.

कुणी साधं खोकललं तरी मिनिट ते मिनिट पुन्हा घेते. चाळीस दिवसांत तिने मला कितीदा तरी पुन्हा उभं केलं होतं. मी असं बोललो त्या मिनिटाला मात्र तिने यंत्र बंद केलं आणि नुसतं म्हणाली, “मिळालं.”

मी मागे गेलो. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे गेलो. चारशे सोळा अनोळखी माणसं जिथे थांबली होती, तिथे मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो होतो. आणि फोन खणातला, त्यामुळे माझं पाहणं कुठेही मोजलं गेलं नाही. बरोबरच होतं ते.

मग मी मिनिटला फोन लावला. तिने उचलला. मला म्हणायचं खूप होतं. नुसता फोन कानाला धरून उभा राहिलो. वर पत्रा टक्क वाजला.

“दुकानातून ना, दादा?” ती म्हणाली. “पाहिलीस वाटतं.”

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “एक मिनिट गप्प राहू.”

आम्ही राहिलो.